दहा वर्षांची दुभाषी

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पनवेलला मी पोलीस निरीक्षक होतो. थंडीचे दिवस. खाडीकडून आलेलं धुकं उन्हं वर आली तरी विरलं नव्हतं आणि सगळं ठाणं अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

अंमलदाराने एका नेपाळी बाईला माझ्यापुढे आणलं. ओली बाळंतीण, कुशीत तान्हं बाळ, बोटाला दहा वर्षांची मुलगी. नवरा उलव्याकडे बांधकामावर मजूर, तीन दिवस बेपत्ता. शेजारणींनी बाईला ठाण्यात पाठवलं होतं. तिला मराठी-हिंदीचा गंध नव्हता. मुलगी इथल्या शाळेत शिकणारी, चुरूचुरू बोलायची. दुकान, घरमालक, दवाखाना, सगळीकडे आईच्या वतीने तीच बोलायची.

"मी सांगते ना आईला," ती म्हणाली. मी खूश! आयती दुभाषी मिळाली.

मिसिंगची तक्रार नोंदवली आणि मुकादमाला बोलावून घेतलं. माझा स्वभाव तापट, जरा आवाज चढवताच तो रडकुंडीला आला. "सायेब, त्याला कावीळ झालती. मीच दवाखान्यात नेला. पुढचं मना ठाव नाय." दवाखान्यात फोन लावला, तर त्या नावाचा पेशंट नाही म्हणाले.

पुन्हा बाईकडे वळलो. "नवऱ्याशी भांडण झालं होतं का?" माझा प्रश्न पाच शब्दांचा, आणि पोरीचं भाषांतर संपता संपेना! त्यात ती बाई चक्क हसली. मी चक्रावलो.

बाकावर एक म्हातारा नेपाळी चौकीदार चारित्र्य पडताळणीसाठी बसला होता. तो उठून माझ्या कानाशी आला. "साब, पोरगी तुमचा सवाल विचारतच नाय."

"मग काय बोलतेय?"

"बोलते, साब म्हणतात बाबांचा पत्ता लागला. उरणच्या बाजूला कामाला आहेत. तिकडे मिठाचे ढीग आहेत, आपल्या गावच्या बर्फासारखे पांढरे. काम संपलं की बाबा जहाजं बघत बसतात. बाळ चालायला लागलं की आपल्याला बोलावणार."

माझा राग कुठच्या कुठे पळाला. खरं सांगतो, क्षणभर मलाही तो माणूस मिठागरातून संथ चालताना दिसला.

महिला हवालदाराला सोबत घेऊन मुलीला बाहेर ओट्यावर नेलं. टोपी काढून शेजारी बसलो. नखं खाऊन खाऊन तिची बोटं सोलपटली होती.

"दवाखान्यात काय झालं, बाळ?"

"मी डबा घेऊन गेले होते. तिथल्या मावशी म्हणाल्या, तुझे बाबा गेले, घरातल्या मोठ्या माणसाला पाठव."

"मग?"

"मी आईला सांगितलं, बाबा गेले. आमच्या भाषेत गेले म्हणजे नुसते गेले. आईने विचारलं, कुठे?" ती नख कुरतडायला लागली. "मग मला कुठेतरी सांगावं लागलं ना."

"तुला खरं कळलं होतं?"

तिने मान डोलावली. आई रडली तर बाळाला दूध येणार नाही, असं तिने शेजारणीकडून ऐकलं होतं. म्हणून तीन दिवस ती आईला एकेक नवी गोष्ट सांगत होती. स्वतःच्या पोटात मात्र अन्न ठरत नव्हतं, रात्री दचकून उठत होती.

त्याच दवाखान्याचं बेवारस मृतदेहाचं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर पडलं होतं. नावाची पार वाट लावलेली, पत्ता नाही. पत्र मिळाल्याची सही माझीच होती! मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आता आईला सांगायला हवं होतं. पोरगी लगेच उठली, फ्रॉक झटकला. "चला, मी सांगते."

"नाही गं बाई," मी तिचा हात धरला. "हे तुझं काम नाही. आज मोठी माणसं सांगतील."

चौकीदारकाका आणि महिला हवालदार आत गेले. थोड्या वेळाने आतून हंबरडा ऐकू आला. मुलगी ओट्यावर माझ्या शेजारीच होती. मग हळूच म्हणाली, "काका, आता मला आईला काहीच सांगायचं नाही ना?"

"काही नाही."

तेव्हा कुठे ती रडली, माझ्या वर्दीची बाही घट्ट धरून.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कुठल्याही लेकराला दुभाषी केलं नाही. परमुलखात आलेल्या घरातलं लेकरू लवकर भाषा शिकतं, आपण त्याचं कौतुक करतो, आणि घरावर आलेलं सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेतो. त्या तीन दिवसांत कितीतरी मोठी माणसं त्या पोरीशी बोलली, मीही बोललो. सगळ्यांनी तिला आईबद्दल विचारलं. "तू जेवलीस का?" एवढं एकानेही विचारलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.