लाल कापडातला सीपीयू

पडद्यावरचा बाण आपोआप हलला. एवढ्याशा गोष्टीवरून मी स्वतःचं जे काही हसं करून घेतलं, ते ऐकायचं असेल तर चहा आधीच ओतून घ्या. मध्ये उठायला मिळणार नाही.

माझे दोन्ही हात मांडीवर होते, हे मी शपथेवर सांगते. एका हातात टोस्ट होता. माउस टेबलावर एकटाच पडलेला. आणि बाण थरथरत, जरा थांबत, मध्येच उडी मारत वरच्या कोपऱ्याकडे निघाला. चोर घरात शिरून अंधारात कपाट चाचपत असावा, अगदी तसा.

आता मी मुळातच भित्री. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. कॉलेजात तोंडी परीक्षेला सर नुसतं "बसा" म्हणाले, तर मी "सॉरी सर" म्हणाले होते. त्यात गेला आठवडाभर फोनवर हॅकर लोकांचे व्हिडिओ ओळीने बघत होते. हे लोक कसे दूर बसून तुमचा काँप्युटर चालवतात, तुमच्या नंबरवरून तुमच्याच माणसांना फोन करतात, तुमचा आवाजसुद्धा काढतात. म्हणजे भीती तयारच होती, फक्त बाण हलायचा बाकी होता.

पण माझ्या काँप्युटरवर असं काय होतं चोरण्यासारखं? ऐका.

आम्ही पेणचे. पुढे घर, मागे बाबांचा कारखाना. पेणमध्ये कारखाना म्हटलं की धुराडं कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, ओळीने बसलेले पांढरे गणपती येतात. आषाढात लोक आपापले पाट आणून देतात आणि बहुतेकांचं सांगणं एकच असतं, "गेल्या वर्षीसारखाच करा." आता गेल्या वर्षी कुणाचा शेला जांभळा होता आणि कुणाचा डाळिंबी, हे सगळं वर्षानुवर्षं बाबांच्या डोक्यात असायचं. पण एका वर्षी चुकलं. त्या घरच्या आजी मूर्तीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हे आमच्या घरचे नव्हेत." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, बाबा, यापुढे प्रत्येक मूर्तीचा फोटो काढून काँप्युटरवर ठेवायचा. मशीन विसरत नाही.

"मशीनला कुणाच्या घरचा देव कुठला ते कलतं काय?" बाबा म्हणाले. पण माझ्या शब्दावर तयार झाले. डोक्यावरचा भार त्यांनी माझ्यावर टाकला. आणि यंदा रंगकाम नुकतंच सुरू झालेलं. म्हणजे फोटो गेले, तर आख्ख्या ओळीतल्या गणपतींना कुठला शेला द्यायचा ते सांगणारं जगात कुणी नव्हतं. आणि "मशीन विसरत नाही" म्हणणारी मी.

टोस्ट खाली ठेवला. फोटोंचं फोल्डर उघडायला गेले.

फोल्डर नव्हतं.

जिथे रोज असतं तिथे भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर दिसते तशी मोकळी जागा. म्हटलं, शोधू, नाव टाइप करून शोधू. शोधायच्या चौकटीत क्लिक केलं मात्र, पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली.

ह ह ह ह ह ह ह ह.

तुम्हीच सांगा, काय समजायचं? माणूस माझ्या घरात बसून, माझे फोटो घेऊन, वर मला हसत होता.

मी किंचाळले आणि भिंतीतला प्लगच उपटला. मग इंटरनेटची वायर उपटली. मग, कारण काही नाही, पण फ्रिजचाही प्लग काढला. आमच्या काँप्युटरला कॅमेरा नाही, तरी पडद्यावर टॉवेल टाकला.

आई स्वयंपाकघरातून आली, बाबा कारखान्यातून. "काय झालं गो?" बाबांनी दारातूनच विचारलं.

"हॅकर. फोटो गेले सगळे."

बाबांचा चेहरा उतरला. टॉवेलकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "हॅकर म्हणजे... भायेरचा मानूस?"

"हो. बाहेरचाच."

"घरातला नाय?"

"बाबा, घरातला हॅकर कसा असेल?"

"हां. मग भायेरचाच आसंल," असं म्हणून ते हात पँटला पुसत परत गेले. मला वाटलं, बिचाऱ्यांना प्रकरणाचं गांभीर्य कळलेलं नाही.

आता वाचवणारा एकच माणूस होता. माझा आतेभाऊ निलेशदादा. तो रोह्याला राहतो, धाटावच्या एका कंपनीत काँप्युटरचं काम बघतो. वर्षभर मला सांगत होता, फोटोंची दुसरी कॉपी करून ठेव. मी वर्षभर म्हणत होते, करते हं दादा. त्याला फोन लावला, उचलला नाही. शिफ्टला आत जाताना त्यांना फोन गेटवर जमा करावा लागतो. म्हणून मेसेज टाकला, "सीपीयू घेऊन रोह्याला येतेय, घरी थांब."

टाकला आणि मनात आलं, हॅकरकडे माझा नंबरही असेल तर? त्या व्हिडिओंमध्ये हेच तर होतं. मग मी नातेवाइकांच्या ग्रुपवर, गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर आणि चुकून भजनी मंडळाच्याही ग्रुपवर लिहिलं, "माझा काँप्युटर हॅक झाला आहे. सकाळपासून माझ्या नंबरवरून आलेला कुठलाही मेसेज खरा मानू नये. फोन आल्यास उचलू नये. आवाज माझा असला तरी ती मी नसेन."

लिहून झाल्यावर इतकं सुरक्षित वाटलं म्हणून सांगू.

आईलाही बजावलं. आई म्हणाली, "आणि तुलाच खरा फोन करायचा असला तर?"

"मी करणारच नाही."

"बरं," आई म्हणाली. तिने फ्रिजचा प्लग परत लावला.

माउस, कीबोर्ड, पडदा घरीच ठेवला. फोटो असतात ते त्या पेटीत, एवढं मला बी.कॉम. असूनही कळतं. पण पेटी न्यायची कशात? बाहेर पाऊस. कारखान्यात मूर्तीवर पांघरायची लाल कापडं होती, त्यातलं एक घेतलं, आत प्लॅस्टिक गुंडाळलं, वर गाठ मारली आणि दुपारच्या गाडीसाठी स्टेशनवर आले. हॅकरने पत्ता काढू नये म्हणून कुठे जाते ते घरीही सांगितलं नाही आणि फोन फ्लाइट मोडवर टाकला.

आणि इथे, मंडळी, मी जन्माने पेणची असून एक गोष्ट विसरले. पेणहून निघालेल्या गाडीत पोरगी लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून चढली, तर लोक काय समजतात?

डबा मोकळा होता. तरीही दोन माणसं उठून उभी राहिली. "ताई, खिडकीशी बसा. सांभाळून."

मी बसले. समोर कासूकडची एक म्हातारी बाई बसलेली, मिठागरात आयुष्य गेलेलं असावं, तळपाय तसे भेगाळलेले होते. तिने आधी कापडाला हात जोडले, मग माझ्याकडे बघितलं.

"इतक्या बेगीन नेतेस गो बाय देवाला?"

खरं सांगायचं होतं. पण मागच्या बाकावर काळ्या चष्म्याचा एक माणूस फोनमध्ये तोंड घालून बसलेला, आणि मला वाटलं, हाच तो. म्हणून मी म्हणाले, "लांब जायचंय."

"बैठा हाय का उभा?"

मी सीपीयूकडे पाहिलं. "उभा."

"शाडूचा ना? ते पिलास्टर नको बाय, इरघलत नाय."

"शाडूचा," मी म्हणाले. देवाशप्पथ, एवढं खोटं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते.

तेवढ्यात गाठीतून काळी वायर निसटून खाली लोंबायला लागली. म्हातारीने ती पाहिली, वाकली आणि दोन बोटांनी अलगद उचलून कापडात खोचली. "उंदराची शेपटी भायेर आलेली. तुटंल ना." मग पिशवीतून जास्वंदीचं फूल काढलं आणि सीपीयूवर ठेवलं. कासू आल्यावर उतरताना म्हणाली, "सुनेला दिवस गेलेत माज्या. तुज्या देवाला सांग हां."

काय करणार? मी मनातल्या मनात सांगितलं. सीपीयूला.

काळ्या चष्म्याचा माणूस नागोठण्याला उतरला. उतरताना त्यानेही नमस्कार केला.

रोह्याला रिक्षा करून निलेशदादाच्या दारात पोचले तर दाराला कुलूप. वहिनी माहेरी गेलेली, हे मला ठाऊक होतं. पण दादा? त्याची शिफ्ट तर केव्हाच सुटलेली. शेजारच्या काकू बाहेर आल्या, कापड बघून आत धावल्या आणि पाट घेऊन आल्या. "देवाला हातात किती वेळ धरणार? इथे ठेवा." सीपीयू पाटावर बसला, जास्वंदीसकट. मला मात्र कुणी बस म्हटलं नाही.

मग मी फोन सुरू केला आणि दादाला लावला. वाजला, आणि कट झाला.

परत लावला. कट. बाबांना लावला. कट. आत्याला लावला. आत्याने उचलला, पण नुसता श्वास ऐकू आला आणि मग तोही बंद. तिन्ही ग्रुपवर बघितलं तर गिऱ्हाइकांनी ओळीने लिहिलं होतं, "ताईंचा नंबर ब्लॉक केला. कळवल्याबद्दल आभार." आत्याने लिहिलं होतं, "मला आत्ताच आला होता. आवाज न काढता ऐकून घेतला. मेला हुबेहूब आपल्या पोरीसारखा श्वास घेतो."

मी तिन्हीकडे लिहिलं, "अहो, ही मीच आहे."

खाली भजनी मंडळातून उत्तर आलं, "हेच लिहितात ते."

आता माझी अवस्था बघा. परक्या गावात, पावसात, भुकेली, कुलपासमोर उभी. जगातला एकही माणूस माझा फोन घ्यायला तयार नाही, आणि तशी आज्ञा खुद्द मीच दिलेली. फोटो जिवंत आहेत की गेले, माहीत नाही. बाबा तिकडे रंगाचा ब्रश हातात धरून बसले असतील आणि कुणाचा शेला जांभळा ते त्यांना आठवत नसेल. शेजारच्या काकूंनी तेवढ्यात निरांजन आणून ठेवलं.

शेवटचा म्हणून आईला लावला. वाजत राहिला. बंद झाला. परत लावला. परत वाजत राहिला. मग कधीतरी पलीकडून आवाज आला, "हॅलो."

मला रडूच फुटलं. "आई, मी..."

"हे बघा," आई म्हणाली, पाहुण्यांशी बोलावं तशा आवाजात, "तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. आमच्या पोरीने सांगून ठेवलंय, आवाज तिचाच काढाल म्हणून. छान काढलाय. पण मघापासून सारखा फोन करताय, म्हटलं हॅकर झाला तरी माणूसच. काय अडलंय ते विचारावं."

"आई, अगं मीच आहे."

"असू दे. आधी माझं ऐका, तुमच्यावर उगाच आळ आलाय. आमच्या ह्यांनी आत्ता कबूल केलं. पोरीसमोर मशीनला नावं ठेवली होती ना, मग तिच्यादेखत बघायची लाज. म्हणून रोज पहाटे गुपचूप उठून फोटो बघतात. आज हात न धुताच बसले. माउस उलटा केला तर त्याच्या पोटात सोनेरी चमकी चिकटलेली, बाण म्हणे त्यानेच नाचतो. ते ह चं बटण रंगाने खाली बसलंय ते वर येत नाही. आणि फोटोंचं ते पिवळं खोकं ह्यांच्या हातून ओढलं गेलं, कुठल्या दुसऱ्या खोक्यात पडलं. पण सांगायची हिंमत झाली नाही, आपल्या हातून पोरीचं काम बिघडलं म्हणून."

मागून निलेशदादाचा आवाज आला, "मामी, कुणाशी बोलताय?"

"हॅकरशी. तू चहा पी." मग मला, "हा आमचा भाचा. तिचा 'रोह्याला येतेय' हा मेसेज तुमचाच समजला आणि ती संकटात आहे म्हणून शिफ्ट सुटल्यासुटल्या बाइक मारत पेणला आला. म्हणतो, दुसऱ्या खोक्यात पडलं तर काही जात नाही, पाच मिनिटांचं काम आहे. पण पेटीच नाही ना घरात."

मी पाटावरच्या पेटीकडे पाहिलं. निरांजनाची ज्योत छान लागली होती.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला, अगदी जवळून, फोनला कान लावून असावेत. "त्याला इचार, आमची पोरगी कुठं हाय ते ठाव हाय काय."

"ऐकलंत?" आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "फोन बंद करून गेलीय. भित्री आहे हो. तुम्हाला म्हणे लोकांचं बसल्या जागी सगळं कळतं. मग एवढं काम करा, आमची पोर तेवढी शोधून द्या."

मी मीच आहे हे पटवून देण्यासारखं जगात काही उरलंच नव्हतं. मग डोळे पुसले, घसा खाकरला आणि जमेल तेवढा घोगरा आवाज काढून म्हणाले, "सापडली, काकू. रोह्याला निलेशच्या दारात उभी आहे. आणि सकाळपासून जेवलेली नाही."