लग्न झालं की थांबतं

रामवाडीच्या दवाखान्यात रोह्याची एक बाई मला नेहमी भेटते. कुणी नुसतं "काय होतंय?" विचारलं, की ती मोठ्यांदा सांगते, "एंडोमेट्रिओसिस! गर्भाशयाचं अस्तर बाहेर पसरलंय. आमच्या दिरासारखं, जागा दिसली की पथारी!" पुरुषमंडळी लगेच मोबाइलमध्ये डोकं घालतात.

परवा एक आई पाळीच्या दुखण्यानं पोट धरून बसलेल्या लेकीला उठवत होती. "चल घरी. लग्न झालं की थांबतं."

"कुणाचं थांबलं गो?" बाई म्हणाली. "माझं लग्न झालं, पोरं झाली, तरी दुखायचंच. ऑपरेशन केलं, गोळ्या घेते, तेव्हा कुठं जरा दबलंय. नवरा काय थांबवणार? त्याला गळका नळ थांबवता येत नाय!"

मुलगी कळवळतच हसली. बाईने रांगेतला आपला नंबर तिला दिला आणि तिच्याबरोबर आईलाही आत ढकललं.

"जा गो. जावई मागून बघ, आधी डाक्टर काय म्हणतो ते ऐक."