कन्नडच्या बसच्या तीन पायऱ्या

संभाजीनगरच्या स्टँडवर कन्नडची बस लागली आणि मी दाराकडे निघाले. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझ्या दोन कुबड्या. साताऱ्याहून भाऊ सोबत आला होता. त्याला मी लॉजवरच ठेवलं. आज एकटीनं एसटीनं कन्नडचा बाजार करून आले तर पुढचे प्रवास एकटीनं, नाहीतर त्याची सोबत कायमची, असं आमचं ठरलं होतं.

चढायची माझी पद्धत आहे. कुबड्या आत सरकवायच्या, पाठमोरं पायरीवर बसायचं आणि दांड्या धरून एकेक पायरी वर सरकायचं. ध्यान दिसतं, पण जमतं. एक कुबडी आत सरकवली तोच मागून दोघांनी माझ्या काखेत हात घातले. "अहो, सोडा!" म्हणेपर्यंत मी पोत्यासारखी आत! दुसरी कुबडी फलाटावर राहिली आणि बस सुटली. मी बोंब ठोकली. बस थांबली, कुणीतरी कुबडी आणून दिली. उचलणारे दोघं मात्र खुशीत.

"पुण्य लागतं, ताई," एक म्हणाला.

"सवाब (पुण्य) मिलता है, आपा," दुसऱ्यानं री ओढली.

खांदा ठणकत होता. रागानं मला रडूच आलं, तर तिसऱ्यानं न मागता पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली.

वेरूळ मागं पडलं, दुतर्फा मका लागला. कन्नडच्या बाजारात गरम भजी खाल्ली आणि घोंगड्या विकणाऱ्या एका आजीजवळ टेकले.

"तोंड पाडून का बसलीस, माय?"

मी सगळं सांगितलं.

"मंग मोठ्यानं सांगायचं ना! लोक वाईट नाय इथले, पर घाई लई (फार)."

परतीच्या गर्दीचं विचारूच नका. बसच्या दारात चार हात माझ्याकडे आलेच. मी वळले आणि ओरडले, "कुणी हात लावायचा नाही! मी चढते. तुम्ही फक्त थांबा."

"उशीर व्हायलाय, ताई. उचलतो की पटकन," एक जण म्हणाला.

आजी गठ्ठा घेऊन मागेच उभी होती. "सरक मागं! ती नाय म्हणती तर नाय."

पहिली पायरी चढले. दुसरीवर खांद्यातून अशी कळ आली, की वाटलं, म्हणावं उचला बाबांनो. छे! दातओठ खाऊन तिसरी गाठली. मी सीटवर बसल्यावरच कंडक्टरनं डबल बेल दिली.

संभाजीनगरला उतरताना तो दाराशी आला. "ताई, काय धरू?"

दिवसभरात हे विचारणारा तो पहिलाच माणूस. इतकं बरं वाटलं! पिशवी त्याच्याकडे दिली आणि माझ्या पद्धतीनं, सावकाश, खाली उतरले.

मदत मला नको असते असं नाही. पण अंग माझं आहे. हात लावण्याआधी विचारा, एवढंच. पुढच्या महिन्यात मी एकटीच निघते आहे. भावाला विचारलेलं नाही, सांगितलं आहे.