बैल मावेल एवढं दार

भाड्याच्या खोलीचे किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपणहून मुक्कामाला येतात, आणि लेकाचे भाडंही देत नाहीत! मास्तरकीच्या नोकरीपायी मी बारा गावचं पाणी प्यायलो, पण नांदुऱ्याच्या गणपतभाऊंच्या चाळीतले किस्से अजून डोक्यात ठाण मांडून बसलेत.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. गणपतभाऊ पिंपळगाव राजा या गावचे, वांगी-मिरची लावणारे शेतकरी. दर बाजाराला माल घेऊन नांदुऱ्याला यायचे. तिथं रेल्वेचे लोक, मास्तर, कापसाच्या जिनिंगमधले कारकून खोलीसाठी वणवण करताना दिसायचे. भाऊंनी मनात घेतलं, मळ्यात वांगी लावतो तशा इथं खोल्या लावू!

त्यासाठी त्यांनी काय विकावं? दावणीचे बैल! ढवळ्या आणि चांद्या गेले डोणगावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे. भाऊंची बायको सरूबाई एवढंच म्हणाली, "चाळ बांधा नाही तं महाल बांधा. पन माह्या दावणीले तेच बैल परत पाह्यजे."

* * *

जागा निवडतानाची गोष्ट भाऊ स्वतः रंगवून सांगायचे.

सगळे म्हणत होते, नाल्यापलीकडे घ्या, स्वस्तात मोठा प्लॉट मिळेल. भाऊ कोणाशी वाद घालत बसले नाहीत. ते स्टेशनाबाहेर जाऊन बसले. गाडी आली की उतरलेल्या माणसांच्या मागं चालायचे. चोर समजून एका गृहस्थानं त्यांना चांगलं दरडावलंसुद्धा!

पेटी घेऊन निघालेला माणूस एका कडुनिंबाखाली आला की दमायचा, पेटी खाली ठेवायचा आणि घाम पुसायचा. भाऊंनी त्या निंबाशेजारचीच जागा घेतली. लहान होती, थोडी महागही पडली.

"मानूस पेटी जेथी खाली ठेवते, तेथीच त्याले खोली पाह्यजे, मास्तर!"

* * *

एवढा हुशार माणूस, पण खोल्या बांधून कितीतरी दिवस झाले तरी कोणी राहायला येईना. लोक यायचे, बघायचे, निघून जायचे.

मी बायकोला घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते दार. ही थोरली चौकट! मी विचारलं, "भाऊ, एवढं मोठं दार कशाला?"

"आता काय सांगू? खोल्या नाही चालल्या तं गोठा तं होईन!"

बैल विकून बांधलेल्या खोल्या, आणि दारं बैलांच्या मापाची! मला हसू आवरेना. बायको मात्र आत फिरून आली आणि म्हणाली, "मोरी कुठाय?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो. मोरी कुठल्याच खोलीत नव्हती!

बाजारासाठी आलेली सरूबाई ओसरीवर मिरच्या निवडत होती. तिथूनच ओरडली, "खोली पाहाले मानूस येते, पन हो तं बाई म्हनते ना! तिले इचारलं काय कोनं?"

भाऊंनी गवंडी बोलावला. मोऱ्या झाल्या आणि निंबाखालची चाळ भरायला लागली. पहिले भाडेकरू आम्ही.

* * *

त्या वर्षी पोळ्याला मी पिंपळगावला जेवायला गेलो. पुरणपोळी झकास होती. पण गावभर सजवलेले बैल फिरत असताना सरूबाई पाटावर मातीचे बैल मांडून त्यांना ओवाळत होती. दावण मोकळी.

भाऊ तेव्हा दुसऱ्याचे बैल भाड्यानं आणून शेत करायचे. मला हळूच म्हणाले, "तुमी माहे भाडेकरू, अन् मी बैलाचा. पाहा लेक!"

* * *

गुढीपाडव्याला भाऊ आमच्या दारात नव्या कोऱ्या वहाणा घेऊन उभे. वऱ्हाडात सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल पाडव्याला ठरतं आणि मालक त्याला वहाणा देतो. भाऊंनी भाडेकरूंचाही पाडवा धरला!

"अहो भाऊ, मी काय तुमचा सालदार आहे?"

"सालदाराले मी पैसे देतो, मास्तर. तुमी मले देता. मंग वहाणा पह्यले कोनाले पाह्यजे?"

वहाणा करकर वाजायच्या. पण त्या घातल्यावर घर बदलायचा विचार कोण करणार?

* * *

एकदा जिनिंगचा एक कारकून आमच्याच खोलीसाठी जास्त भाडं द्यायला तयार झाला. शेजाऱ्यानं बातमी आणली आणि आमच्या घराला सुतकी कळा आली. भाऊ येताना दिसले तसा मी मनातल्या मनात सामान बांधायला लागलो.

ते आले, शिडी लावली आणि आमच्या छपराची फुटकी कवेलू, म्हणजे कौलं, बदलायला लागले. पाऊस तोंडावर होता. मी खालूनच चाचरत विचारलं, "त्या कारकुनाचं काय झालं?"

"मास्तर, वांग्याचं झाड चांगलं लागलं, तं ते उपटून दुसरं लावतेत काय?" आणि वरून म्हणाले, "ते कवेलू द्या बे कोनी!"

बायकोनं त्या दिवशी त्यांना दोनदा चहा पाजला.

* * *

पुढचा पोळा आला. संध्याकाळी चाळीत एकदम घुंगरांचा आवाज. बाहेर येऊन बघतो तर भाऊ पुढं, फेटा बांधलेले. मागं झूल पांघरलेली, शिंगं रंगवलेली बैलजोडी. आणि कासरा कोणाच्या हातात? सरूबाईच्या!

खोल्यांच्या भाड्यातून डोणगावहून तेच दोघं परत विकत आणले होते. ढवळ्या आणि चांद्या. सरूबाई रडत होती आणि रडता रडता हसतही होती. चाळीतल्या सगळ्या बायका पाणी, कुंकू, पुरणपोळी घेऊन आपापल्या दारात उभ्या राहिल्या.

माझी बायको ताट घेऊन उंबऱ्यात आली. ढवळ्यानं ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या बाजूनं तो सरळ घरात शिरला! दाराला घासलासुद्धा नाही. मधोमध उभा राहून त्यानं भिंती हुंगल्या, चूल बघितली, मोरीत डोकावला.

बायको ओरडली, "अहो, बाहेर काढा याला!"

सरूबाईनं कासरा सैल सोडला.

"भिऊ नका, बाई. मालक हाय. खोल्या पाहून राह्यला."