आठाचा प्लग, साडेनऊचं तोंड

तिच्या नाकावर राग असायचाच, म्हणून सगळी गल्ली तिला ठिणगी म्हणायची. तोंडावर नव्हे, माघारी. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचाही तिला राग यायचा.

ठिणगी कान टोचायची आणि टोचलेली भोकं हळूहळू ताणून मोठी करायची. वडिलांच्या पश्चात दुकानाचे दोन भाग झाले. पुढचा भाग धाकट्या भावाचा. तिथे काचेच्या कपाटात दागिने मांडलेले असत. मागची खोली हिची. तिथे एक उंच खुर्ची, एक प्रखर दिवा, वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र आणि हात धुवायचं बेसिन. मधे पडदा. वाटणीच्या दिवशी ठरलं होतं की पुढच्या दुकानातला कोणताही दागिना नव्या किंवा नुकत्याच ताणलेल्या कानात जायचा असेल, तर तो आधी पडद्याच्या आत यायचा.

तिच्या स्वतःच्या पाळ्यांत अंगठा जाईल एवढाली भोकं होती आणि त्यांत साध्या, रंग नसलेल्या काचेचे जाड, नळकांड्यासारखे प्लग. एवढं व्हायला तिला कित्येक वर्षं लागली होती. नवऱ्याशी संसार तेवढ्या काळाच्या निम्माही टिकला नाही. "त्याला घाई होती," एवढंच ती सांगायची, आणि पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती.

गिऱ्हाइकांना घाई झाली की तिचा आवाज पडद्याबाहेर यायचा.

"चार मिलीमीटरवरून एकदम आठ? अहो, कान आहे की मोजा? एकेक मिलीमीटर चढायचं, आणि दर वेळी दोन-तीन महिने थांबायचं. दुखलं, रक्त आलं, तर परत मागे. जमत नसेल तर चिकटवायचे खोटे मिळतात, ते लावा!"

गिऱ्हाईक उठून जायचं. भाऊ कपाळाला हात लावायचा.

"ताई, माणसं दागिना घ्यायला येतात, शिव्या खायला नाही."

"शिव्या फुकट देते. दागिना तू विकतोस."

तर ह्या भावाने एकदा रंगीत प्लगांचा मोठा घाऊक माल आणला. अ‍ॅक्रिलिकचे, लाकडाचे, आणि 'सर्जिकल स्टील' असं लेबल चिकटवलेले चकचकीत. ठिणगीने एकेक उचलून नाकासमोर धरला आणि परत टाकला. स्टीलमध्ये कातडीला खाज आणणारं निकेल किती ते लेबलवर नाही. लाकूड ओल पितं, वाफेवर टिकत नाही. अ‍ॅक्रिलिकही यंत्रात घालता येत नाही, आणि ओल्या जखमेत तर नकोच. जखम भरलेल्या कानात हवं तर चार तास मिरवावं, पण ताज्या ताणाला काच किंवा शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम, दुसरं काही नाही.

"कळलं," भाऊ म्हणाला. त्याचं 'कळलं' म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

भावाची मुलगी, बारकी, छापखान्यात कामाला होती. तिचे कान ठिणगीनेच हळूहळू आठपर्यंत आणले होते, आणि आता निदान उन्हाळाभर हात लावायचा नाही असं बजावलं होतं. पोरगी रोज कामावरून येताना आत्याकडे चहा प्यायची. माल आल्यानंतरच्या आठवड्यात ती केस मोकळे सोडून येऊ लागली. छापखान्याच्या यंत्रांत केस अडकतील म्हणून एरवी घट्ट अंबाडा बांधणारी पोरगी! त्यात फोन वाजला की तो उजव्याच कानाला.

"केस वर घे," ठिणगी म्हणाली.

"राहू दे ना, आत्या."

"घे म्हणते ना!"

डावी पाळी लाल आणि फुगलेली होती. त्यात निळा अ‍ॅक्रिलिकचा प्लग, आणि मागच्या बाजूला भोकाच्या आतली कातडी ओठासारखी बाहेर उलटलेली. वासही येत होता. ठिणगीने हात धुतले, हातमोजे चढवले. प्लग निघेना, कारण त्याची दोन्ही तोंडं कर्ण्यासारखी फुललेली होती. थेंबथेंब निर्जंतुक खारं पाणी सोडत, हळूहळू फिरवत तिने तो काढला. पोरीने खुर्चीचा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली.

"हा कोणी दिला?"

"बाबांनी. आठाचाच आहे. माझं भोकही आठाचंच आहे की."

"घातलास कसा?"

"साबण लावून. डावा जाईना, म्हणून जोर लावला. मग इतकं दुखलं की उजवा घातलाच नाही."

ठिणगीने मापाची पकड उचलली. प्लगच्या मधल्या कमरेला आठ. फुललेल्या तोंडाला साडेनऊ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडदा सर्रकन बाजूला करून ती पुढे गेली. दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"हे काय आहे?"

"आठाचा प्लग," भाऊ म्हणाला.

"कुठे आठ? कमरेला! आत जाताना आधी काय जातं, कंबर की तोंड?"

"पाकिटावर आठ लिहिलंय, ताई. कारखान्याने लिहिलंय."

"कारखान्याच्या पोरीचा कान सडतोय का? ज्याचं एक तोंड सपाट असतं आणि मागे रबरी कडी लागते, तसा द्यायचा! दोन्हीकडून फुललेला पूर्ण भरलेल्याच कानाला, आणि तोही तोंडाचं माप बघून! वडिलांपासून ह्या धंद्यात आहेस, आणि प्लग खिळ्यासारखा मधे मोजतोस?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! विकत घेण्याआधी ऐकलं तर बरंच!"

गिऱ्हाइकं निघून गेली. भावाचाही तोल सुटला. "तुझ्याकडे का नाही आली ती? विचार तिला! घरात सगळे तुला घाबरतात. मला निदान ती मागते तरी!"

ठिणगी वळली. पडद्याशी बारकी उभी होती, कानाला गॉज धरून.

"खरं का गं?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते!"

"म्हणूनच नाही आले. वाटलं, आपोआप बसेल."

ठिणगी आणखीच भडकली. "किल्ली," ती भावाला म्हणाली. त्याने कपाटाची किल्ली काढून दिली. तिने निळे-लाल सगळे प्लग खोक्यात भरले, कपाटाला कुलूप लावलं आणि पोरीला घेऊन डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, पाळी खालून पातळ झाली आहे; सूज उतरली तर वाचेल, आणखी ताण पडला तर फाटेल. भोक एकदम बंदही करू नका, पू आत कोंडेल. ठिणगीने सहाचा, एका बाजूने सपाट असा काचेचा प्लग वाफेवर निर्जंतुक करून बसवला.

सूज उतरली, पाळी वाचली, पण काठाशी दोऱ्याएवढी बारीक राहिली. उजवा आठावर, डावा सहावर.

"डावा परत आठ कधी होईल?" बारकीने विचारलं.

"बहुतेक कधीच नाही. उजवाच सहावर खाली आण."

पोरगी रडली नाही, चिडली. बापावर, आत्यावर, निळ्या रंगावर. तीन दिवस चहाला आली नाही. चौथ्या दिवशी आली ती थेट खुर्चीत बसली.

"डावा पुन्हा दुखतोय. बघ. पण आधी कान बघायचा, तोंड नंतर उघडायचं. कबूल?"

ठिणगीने दात आवळले आणि मान हलवली. दिवा ओढला, प्लग काढला. आत नीट न धुतलेल्या साबणाची खपली धरली होती. तिने ती भिजवली, पुसली, पाळी हलक्या बोटाने चाचपली. शाबूत होती. एवढ्या वेळात तिच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती.

"झालं?" बारकीने विचारलं.

"झालं."

"बरं, आता ओरड."

आणि ठिणगी ओरडली. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.