धाकट्याचं पान

कारखान्यात सगळे त्याला काटा म्हणायचे. उभा जन्म बॉयलरवर गेला त्याचा. डबा खातानाही नजर दाबाच्या घड्याळातल्या काट्यावरून हलायची नाही, म्हणून काटा. मी स्टोअरला होतो. पॅकिंग, ग्रीस, फडकी असलं काहीबाही न्यायला तो माझ्या खिडकीशी यायचा आणि सही करतानाही त्याचा एक कान बॉयलरच्या आवाजाकडे असायचा. असल्या माणसाला आपण कंटाळवाणा म्हणतो. आम्ही म्हणायचोही, त्याच्या तोंडावर. तो हसायचा आणि घड्याळाकडे बघायचा.

त्याचा सख्खा भाऊ त्याच बॉयलरवर, पुढच्या पाळीला. त्याला आम्ही नुसतं धाकटा म्हणायचो आणि त्याच्या बायकोला धाकटी. धाकटा म्हणजे एक नंबरचा बडबड्या. मॅनेजरची चाल, मॅनेजरचं खोकणं, फोनवर साहेबांशी बोलताना मॅनेजरचं अर्धं उठणं, सगळ्याची हुबेहूब नक्कल करायचा. दोघं एका आईचे, हे सांगावं लागायचं.

बॉयलरला एक झडप असते. दाब वाजवीपेक्षा वाढला की ती आपोआप उघडते आणि वाफ सोडून देते. आमची झडप वरचेवर उघडायला लागली. उघडली की काम थांबायचं, म्हणून मॅनेजरने तिच्यावर लोखंडाचे तुकडे बांधायला लावले. काट्याने एकदा सांगून पाहिलं आणि मग गप्प बसला. धाकट्याने भांडण काढलं, तर त्याला घरी बसायचं असेल तर बस म्हणून ऐकवलं गेलं. मग एका दुपारी बॉयलर फुटला. धाकट्याचं जे सापडलं ते झाकूनच बाहेर आणलं.

कंपनीने खापर त्याच्यावर फोडलं. दारू पिऊन पडला होता म्हणे. जो माणूस कधी सुपारीच्या खांडालाही शिवला नाही, तो दारू पिऊन पडला होता. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं आणि सगळा कारखाना मूग गिळून बसला. चौकशीत काट्याला समोर उभं करून विचारलं, पाळी बदलताना झडप ठीक होती ना? त्याचा मुलगा तेव्हा नुकताच आमच्याच ऑफिसात चिकटला होता. काट्याने मान हलवली. ठीक होती अशी.

धाकटी त्या दिवशी त्याच खोलीत मागच्या बाकावर बसली होती. ती उठली, मुलीचा हात धरला आणि गेली ती दुसऱ्या गावीच. त्यानंतर दोन घरांत बोलणं नाही.

काटा निवृत्त झाल्यावर बातमी आली की धाकटीला पोटाचा आजार झाला आहे, आणि तो बरा होणारा नाही. तो भेटायला गेला. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"भाऊजी, मला इथे उंबऱ्यात काही सांगू नका. ते पीत नव्हते हे मला ठाऊक आहे, मी बायको त्यांची. जगाला कुठे ठाऊक आहे? मान हलवलीत ती चारचौघांत हलवलीत. आता बोलायचं असेल तर चारचौघांत बोला. मी आहे तोवर बोला, म्हणजे मलाही दिसेल."

एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं, असं त्याने मला सांगितलं. परत येताना तो घरी न जाता आधी माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, "पेपरवाल्यांकडे जा." तो गेला. पेपरवाल्यांनी इतक्या जुन्या गोष्टीवर हात झटकले. मग त्याच्या मुलाने त्याला इंटरनेटवर फुकट लिहायची एक जागा काढून दिली. काट्याने एका बोटाने टकटक करत सगळं लिहिलं. झडप, लोखंड, मॅनेजरचं बोलणं आणि स्वतःची हललेली मान. तेही गाळलं नाही, हे मी वाचलं आहे म्हणून सांगतो.

ते पान आठवडाभरही टिकलं नाही. कंपनीने तक्रार केली आणि त्या जागेच्या मालकांनी ते गुपचूप उडवलं. धाकटीचा निरोप आला. दोनच शब्द होते: काढलंत ना. त्याने फोन केला, तिने उचलला नाही. मी काढलं नाही, त्यांनी काढलं, असा त्याने लिहून निरोप धाडला. त्यावर उत्तर नाही.

मला वाटलं, आता हा हात टेकणार. पण ज्याला आपण मऊ समजतो तो कधी कधी फारच चिवट निघतो. काट्याला कुठून तरी कळलं की ब्लॉग दुसऱ्याच्या जागेत ठेवायलाच हवा असं नाही. जुन्यापान्या संगणकावरही ठेवता येतो, आपल्या घरात, आपल्या विजेवर. मग कोण उडवणार? उडवायला दार फोडून आत यावं लागेल. मुलाचा जुना संगणक माळ्यावर पडला होता. मुलाने तो स्वतः खाली काढला, पुसला आणि म्हणाला, "लिहा बाबा. मला काढलं तर काढलं." त्या पोराला मी लहानपणापासून डोक्याने जेमतेम समजत आलो होतो.

पुढचे काही महिने त्या घरात जाणं म्हणजे शिक्षा होती. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. काटा हे कसं करायचं ते शिकवणारा व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, एक ओळ टाइप करायचा, पुन्हा लावायचा. कुठे एक टिंब राहिलं की सगळं मुसळ केरात. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पासवर्ड विसरला म्हणून त्याने एकदा सगळं पुसून पहिल्यापासून केलं. वहिनी म्हणायच्या, "ह्यांचं बॉयलरशी लग्न झालं होतं, आता ह्या खोक्याशी झालं." खोकं त्याने हवेशीर कपाटात ठेवलं होतं आणि येताजाता त्याला हाताची मागची बाजू लावून बघायचा. गरम लागलं की पंखा साफ. वीज गेली तर म्हणून बॅटरी जोडली. त्या खोक्याची निगराणी पाहून मला भडभडून यायचं, कारण ती कोणाची निगराणी होती हे उघड दिसत होतं.

एक दिवस पान उघडलं. वर धाकट्याचा फोटो, खाली मजकूर, आणि कोपऱ्यात किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा. व्हिडिओतला मुलगा म्हणाला, अभिनंदन, तुमचा ब्लॉग तयार आहे. काट्याने मात्र जन्मभराच्या सवयीने तपासणी केली. आपल्या फोनवर उघडून पाहिलं, वहिनींच्या फोनवर, मुलाच्या फोनवर, बाहेरच्या खोलीत, गच्चीच्या जिन्यात. मी गेलो तर माझ्या फोनला त्यांच्या घरचं वाय-फाय जोडलं आणि माझ्याही फोनवर उघडून पाहिलं. सगळीकडे उघडलं. मग त्याने तो पत्ता धाकटीला पाठवला. नुसते आकडे होते त्यात, मध्ये मध्ये टिंबं.

दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातला आकडा वाढू लागला. रोज दुपारी एकदोनाने पुढे. काट्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सैल झालेला पाहिला.

"वाचतेय ती," तो म्हणाला.

"विचार की तिला मग."

"विचारायचं म्हणजे शाबासकी मागायची. नको. तिने बोला म्हटलं, मी बोलतोय."

आणि तो बोलतच राहिला. दर दोनचार दिवसांनी नवं काहीतरी. धाकटा लहानपणी कोणत्या झाडावरून पडला, आईने कोणाला मारलं आणि कोणाला मारायला हवं होतं, धाकट्याने लग्नाआधी धाकटीला चोरून पाहायला जाताना कोणाचा शर्ट नेला होता. मॅनेजरची ती नक्कलसुद्धा त्याने लिहून काढली, आणि काय सांगू, कागदावर एक सरळ ओळ न लिहिलेल्या त्या माणसाला ती जमली. दुपारी फिरून आल्यावर आकडा हललेला दिसला की तो खुर्चीत मागे टेकायचा. वर्षानुवर्षं अबोला धरलेलं माणूस पलीकडे बसून ऐकतं आहे, असं त्याला वाटत होतं. त्याच्या आयुष्यातले ते बरे दिवस होते. हे लिहिताना माझा हात जड होतो.

मग घरातली इंटरनेटची डबी जळाली. इंटरनेटवाल्यांचा माणूस नवी बसवून गेला आणि पान उघडेना. काट्याने त्याला जिन्यातून परत बोलावला. माणूस सज्जन होता, बसला, काळ्या पडद्यात डोकावला. मी तिथेच चहा पीत होतो.

"काका, हा आकडा डबी देते. डबी बदलली, आकडा बदलला. आता नवा आकडा टाका, उघडेल."

"म्हणजे ज्यांना आधीचा पाठवलाय त्यांना नवा पाठवावा लागेल?"

"कोणाला पाठवलाय?"

"भावजयीला. दुसऱ्या गावी असते."

त्या माणसाने पडद्यावरून मान वर केली. "काका, त्यांच्याकडे हा कधी उघडलाच नसेल."

काट्याला कळेना. तेव्हा त्या माणसाने विचारलं, तुमच्या कारखान्यात आतले फोन होते का? होते. बॉयलरचा नंबर काय होता? काट्याने सांगितला. "तोच नंबर गावातून फिरवला असता तर तुम्हाला लागला असता?"

काट्याचा चेहरा राखेसारखा झाला. घराबाहेर त्याने ते पान कधी पाहिलंच नव्हतं. फोनवर वेगळं इंटरनेट त्याने घेतलं नव्हतं, घरात असताना कशाला म्हणून. आणि वाचणारे आम्ही सगळे त्याच्या घरी येऊनच वाचत होतो.

"पण रोज दुपारी आकडा वाढायचा," तो म्हणाला. "रोज."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. "ती मी होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरायला गेलात की वाचायचे. मला तरी तुम्ही कधी काय सांगितलं होतंत?"

मग काटा त्या माणसाला म्हणाला, "आज उघडून द्या. बाहेरच्यांना. काय लागेल ते करा." त्याने केलं. आत यायचा रस्ता डबीतून मोकळा केला, आकड्यांच्या जागी धाकट्याच्या नावाचा पत्ता घेतला, आणि संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून स्वतःच्या फोनवर उघडून दाखवला. महिनोन्‌महिने अडलेलं काम तासादोन तासांचं निघालं.

मी म्हटलं, पाठव आता. तो म्हणाला, "नको. तीनदा पाठवून तीन वेळा तोंडघशी पडायचं नाही. जातो, समोर उघडून देतो." सकाळची पहिली बस त्याने धरली. मला सोबत नेलं.

धाकटीच्या इमारतीचा जिना माणसांनी भरला होता. हलक्या आवाजात बोलत होते. काटा पहिल्या पायरीवरच थांबला. त्याला विचारावं लागलं नाही. पहाटे गेली होती.

पुतणीने आम्हाला आतल्या खोलीत नेलं. रडून झालं होतं तिचं. उशाशी आईचा फोन पडला होता.

"तुम्ही पाठवलेलं आई रोज उघडून बघायची," ती म्हणाली. "काही यायचंच नाही. नुसतं पांढरं. सुरुवातीला म्हणायची, नेट नसेल. मग म्हणायला लागली, काढलं वाटतं पुन्हा. मी तुम्हाला फोन करते म्हटलं, तर नको म्हणाली. म्हणाली, त्यांचा मुलगा आहे गं तिथे कामाला. घाबरले असतील. घाबरू दे. मी माफ केलं त्यांना, तूही कर. त्यांना कधी विचारू नकोस, लाजतील."

"मी काढलं नव्हतं," काटा म्हणाला.

"असू दे, काका."

"काढलं नव्हतं गं. पान होतं, पण ते घरातल्या घरातच... तो आकडा आतला होता. दे, फोन दे इकडे."

तिने दिला. एका बोटाने त्याने धाकट्याच्या नावाचा पत्ता टाकला. पान लगेच उघडलं. वर फोटो, खाली सगळं. पुतणीने बापाचा चेहरा बघितला, थोडा वेळ बघत राहिली. मग तिने ते वर सरकवलं आणि मजकुराच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या.

"आज उघडतंय," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिला वाटलं, बातमी कळली आणि ह्यांनी लाजेने परत लावलं. मी मध्ये पडलो, डबी सांगितली, कारखान्याचा आतला फोन सांगितला. ती मान हलवत ऐकत होती, म्हातारी माणसं काहीतरी सांगतात तेव्हा पोरं ऐकतात तशी. मग तिने काट्याचा हात हातात घेतला.

"काका, आईने खरंच माफ केलंय. मीही केलंय. आता त्याचं काही मनात ठेवू नका."

चौकशीत मान हलवली, त्याची माफी कोणी त्याला कधी दिली नाही. दिली ती न केलेल्या गोष्टीची, आणि ती देणारी पलीकडच्या खोलीत झाकून ठेवली होती.

"बरं," काटा म्हणाला, आणि त्याने मान हलवली.