गोलपोस्टामागची भाकरी

साजगावला एकेकाळी फुटबॉल चालायचा असं सांगितलं की आजची पोरं माझ्याकडे बघून हसतात. हसोत बापडी. आमच्या पिंपांच्या कारखान्याला मैदान होतं, टीम होती आणि त्या टीमचा गोलकीपर मी होतो. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. जानेवारी आला की दर रविवारी स्पर्धेच्या मॅचेस व्हायच्या. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या टीम यायच्या, अंबरनाथच्या, लोणावळ्याच्या यायच्या, आणि त्यांच्यामागे ट्रक भरभरून त्यांची माणसं, ढोल-ताशे घेऊन. ओरडून ओरडून घसे बसले आणि पोटात कावळे ओरडायला लागले की सगळ्यांचा एकच प्रश्न, "इथं जेवायला कुठं मिळतं हो?"

मिळायचं ते मालनमावशीकडे. कारखान्याचं कँटीन रविवारी बंद, आणि हॉटेल म्हणाल तर पार स्टेशनपाशी. मैदानावर धाकलूशेठची टपरी होती, पण तिथे चहा आणि खारी. खारीने कुठं पोट भरतं? मालनमावशी गोलपोस्टाच्या मागे करंजाच्या झाडाखाली बसायची. टोपलीत फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि एका पातेल्यात मटणाचा रस्सा. भाकरी हातावर, रस्सा पानाच्या द्रोणात. मी गोलमध्ये उभा असलो की वारा त्या रश्श्याचा वास बरोबर माझ्या नाकाशी आणून सोडायचा. एवढा छळ कुठल्या सेंटर फॉरवर्डने केला नाही मला.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या बुद्धवाडीतली, आमच्या शेजारची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. आठवडाभर कारखान्याच्या बांधकामावर घमेली वाहायची आणि रविवारी टोपली घेऊन मैदानावर. स्वयंपाकाला तिच्या हाताची चव होती, आणि हे मी शेजारी म्हणून सांगत नाही. अख्खं साजगाव तिच्याकडचं खायचं.

खायचं, पण कसं? गर्दीत घुसायचं, हात पुढे करायचा, भाकरी घ्यायची आणि लांब भिंतीकडे जायचं. नाव विचारायचं नाही, वाडी विचारायची नाही. ही बाई कोण हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण विचारलंच नाही तर कळलंही नाही, अशी सगळ्यांनी मिळून सोय लावून घेतली होती. घरी गेल्यावर "मैदानावर काहीतरी खाल्लं" एवढं सांगितलं की भागायचं. मला या सोयीची चीड यायची. मी अडवलेल्या बॉलवर हीच माणसं टाळ्या पिटायची, तेव्हा माझे हात कुठल्या वाडीतले हे कुणाला आठवायचं नाही.

मावशीची एकच इच्छा होती. "श्रीपा, मानसांनी माज्यासमोर बसून जेवलं पायजे रं. उभ्या उभ्या घेऊन पळत्यात, मी वाढलं का भीक घातली, कायच कळत नाय."

तिची ही इच्छा दत्तोपंतांच्या कानावर मीच घातली. दत्तोपंत चौबळ आमचे हेडक्लार्क आणि क्रीडा समितीचे सेक्रेटरी. खोपोलीतलं जुनं घराणं, माणूस भला, आणि मावशीच्या रश्श्याचं पक्कं गिऱ्हाईक. त्यांनी समितीत खटपट केली आणि मावशीला मैदानावर पत्र्याची शेड मिळवून दिली, धाकलूशेठच्या टपरीला लागूनच. मी कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्यांची चार बाकडी ठोकून दिली. मावशी त्या बाकड्यांवरून हात फिरवत राहिली. मी तिला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग तिने, कुठलाही दुकानदार करतो तेच केलं. दुकान म्हटलं की देव आला. धाकलूशेठच्या टपरीत गणपती होता, पानवाल्याकडे दत्त होता. मावशीने शेडमध्ये समोरच भगवान बुद्धांची तसबीर लावली, झेंडूचा हार घातला, उदबत्ती पेटवली. मीच खिळा ठोकला होता. माझ्याही मनात काही आलं नाही. शेड दिली म्हणजे आपल्याला घेतलं, असं आम्ही दोघं वेडे समजून बसलो होतो.

त्या रविवारी गर्दी तोबा होती. आमची मॅच मुंबईच्या एका गिरणीशी. मी वेळ मिळेल तेव्हा मागे वळून बघत होतो. माणसं शेडपर्यंत यायची, वर बघायची, आणि जणू काही विसरल्यासारखी खिसा चाचपत परत फिरायची. वर्षानुवर्षं तिचं मीठ खाल्लेली माणसं! कुणी म्हणालं, "आज भूक नाय." कुणी म्हणालं, "उपास हाय." रविवारचा कसला उपास? धाकलूशेठची खारी मात्र मध्यंतराआधीच संपली.

बाहेरगावच्या माणसांना या भानगडीशी काय देणंघेणं? ती आली असती. पण फाटकापाशी दत्तोपंत उभे होते. ज्याने त्याने त्यांनाच विचारलं, "जेवायला कुठं मिळेल?" आणि दत्तोपंतांनी हात लांब करून स्टेशनचा रस्ता दाखवला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने बॉल आत गेला. लोक म्हणाले, आज श्रीपतचं लक्ष नाही. बरोबर म्हणाले.

एकटा एक माणूस बाकड्यावर बसून जेवला. वरळीचा होता, गळ्यात लाल रुमाल. तसबीर बघून त्याने "जयभीम, मावशी" म्हटलं आणि दोनदा रस्सा मागून घेतला. बाकीची बाकडी रिकामी.

संध्याकाळी दत्तोपंत आले. बसले नाहीत, शेडच्या बाहेरच उभे राहिले.

"मालनबाई, मी तुमच्या भल्याचंच सांगतो," ते म्हणाले. "ती तसबीर घरी न्या. देव मनात असला म्हणजे झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मावशी भांडी आवरत होती. "धाकलूशेठच्या गनपतीला सांगितलंत का, मनात बस म्हनून?"

"तसं नव्हे हो."

"लोकांना आधी ठाव नव्हतं का, मी कोन ते?"

"होतं."

"तुमाला?"

दत्तोपंतांचं तोंड लाल झालं. "मला तर होतंच."

"मंग आज काय नवीन झालं?"

दत्तोपंत खाली मान घालून निघून गेले. वाईट माणूस असता तर मी त्याला चार शिव्या तरी दिल्या असत्या.

मावशीने तसबीर काढली नाही. पुढच्या रविवारीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. उरलेला रस्सा आमच्या वाडीने खाल्ला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो ताटात तसाच टाकून उठलो. हंगाम संपल्यावर समितीने ठरवलं की शेड चालत नाही, लोकांची गैरसोय होते. शेड धाकलूशेठला गेली, माझ्या बाकड्यांसकट.

पुढच्या वर्षी जानेवारीच्या तोंडावर धाकलूशेठ स्वतः बुद्धवाडीत आला. मावशीच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "मालन, रस्सा आन् भाकऱ्या तूच कर. मॅचच्या आधी माजा हातगाडीवाला पातेली घेऊन जाईल. तू मातुर तिकडं बसायचं नाय." मावशी हो म्हणाली.

मी संतापलो. "लाज नाय वाटत गं मावशी? त्याला सांगायचं, तुझी खारी तूच खा!"

"माजं बांधकाम सपलं, श्रीपा. आता घमेलं बी नाय," ती शांतपणे म्हणाली. "तुला म्हैन्याला पगार हाय. तुला राग परवडतो."

मी उठून घरी गेलो.

फायनलच्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं मांडीला मांडी लावून बाकड्यांवर बसली होती, हाशहुश्श करत रस्सा ओरपत होती. दत्तोपंतही होते. मॅच संपल्यावर मी शेडच्या मागे गेलो. शेडच्या मागल्या बाजूला कारवीच्या काठ्यांचा कूड घातला होता, शेणाने सारवलेला. त्या कुडाच्या पलीकडे, उन्हात, मावशी रिकामी पातेली न्यायला थांबली होती. आतलं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

तो वरळीचा लाल रुमालवालाही आला होता. त्याचा आवाज मी ओळखला. "शेठ, हा हात ओळखीचा वाटतो. मागच्या साली इथं एक मावशी होती. तीच करते का?"

"छे, छे," धाकलूशेठ म्हणाला. "ती कवाच गेली. आमच्या घरातलीच बाई करते."

"वा! काय हात आहे!" हा आवाज दत्तोपंतांचा होता. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी आणखी रस्सा मागितला.

मावशी माझ्याकडे बघून हसली. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. "ऐकलंस ना? दीक्षा घेतली तरी गावानं जात सोडली नाय माजी. आज बग, धाकलूनं एका शब्दात सोडवली. त्याच्या घरातली झाले मी."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मोठमोठे शॉट अडवलेले हात होते माझे, तो कूड पाडायला कितीसा वेळ लागणार? आत बसलेल्या एकेकाने बघावं, कुणाच्या हातचं चाललंय ते. मी दोन्ही हातांनी काठ्या धरल्या आणि ओढल्या. सारवण तडकलं.

मावशीने माझं मनगट धरलं. घमेली वाहिलेला हात तो, सुटेना.

"सोड, श्रीपा," ती हळूच म्हणाली. "कूड पडला तर फुडल्या रयवारी माजं जेवान कोन घेल?"

मी काठ्या सोडल्या. आत कुणीतरी भाकरी मागत होतं.